चटका बसल्यावर घरी काय करायचं: पहिल्या वीस मिनिटांपासून व्रण फिका पडेपर्यंत

भाजलं की आजूबाजूच्या प्रत्येकाच्या तोंडून एकच प्रश्न निघतो: "काय लावू?" निदान पहिल्या अर्ध्या तासात तरी याचं उत्तर "काहीही नाही" असंच आहे. लावायचं काही नाही, नळ सोडायचा. जखम किती खोल जाणार, किती दिवसांत भरणार, डाग राहणार की नाही, यातलं जेवढं आपल्या हातात असतं त्यातलं बरंचसं या पहिल्या पाण्यातच ठरतं. नंतरच्या मलमांचं आणि पट्ट्यांचं काम त्या मानाने साधं आहे. शरीर स्वतःहून कातडी भरून काढत असतं, त्याच्या आड कुणी येऊ नये एवढंच त्यांनी पाहायचं.

इथे विचार केलाय तो घरातल्या रोजच्या भाजण्याचा: उकळतं पाणी सांडलं, वाफ लागली, गरम भांड्याला किंवा इस्त्रीला हात लागला, तेल उडालं. विजेचा धक्का, ॲसिड किंवा आगीच्या धुरात सापडणं ही घरी निस्तरायची प्रकरणं नाहीत. त्यांच्याबद्दल पुढे थोडक्यात येईल.

आधी पाणी, आणि तेही घड्याळ लावून

उष्णता बंद करा. गरम पाण्याने किंवा तेलाने भिजलेला कपडा लगेच उतरवा, कारण कापडात मुरलेलं पाणी चटका देतच राहतं. कपडा कातडीला चिकटला असेल तर मात्र ओढायचा नाही. भोवतीचं कापड कात्रीने कापून घ्या, चिकटलेला तुकडा तसाच राहू द्या आणि त्याच्यावरच पाणी सोडा. वितळलेलं मेण, प्लास्टिक किंवा साखरेचा पाक अंगावर पडला तरी हाच नियम: आधी गार करा, सोलून काढायच्या फंदात पडू नका. हात भाजला असेल तर अंगठी, घड्याळ, बांगड्या तेवढ्यातच काढून टाका. एकदा सूज चढली की अंगठी निघत नाही आणि बोटाचा रक्तप्रवाह अडतो.

आता ती जागा नळाच्या वाहत्या, गार पाण्याखाली धरा. पूर्ण २० मिनिटं. बहुतेक लोक इथेच चुकतात. दोन मिनिटांत आग थांबल्यासारखी वाटते, हात बाहेर येतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा चरचरायला लागतं. म्हणून अंदाजावर जाऊ नका, गजर लावा. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर उत्तम, पण नळाला येतं ते साधं पाणीही चालतं. खांदा, पाठ, मांडी भाजली असेल तर शॉवरखाली बसा किंवा मगने सावकाश पाणी ओतत राहा. नळ नसेलच तर स्वच्छ ओलं फडकं ठेवा आणि ते दर दोन मिनिटांनी बदला, कारण फडकं फार लवकर गरम होतं.

इतका वेळ कशासाठी? गरम वस्तू दूर झाली तरी कातडीत शिरलेली उष्णता आतल्या थरांकडे जातच असते. शिवाय जखम म्हणजे एकसारखा जळालेला तुकडा नसतो. डग्लस जॅक्सन या ब्रिटिश शल्यविशारदाने भाजलेल्या जागेचे तीन पट्टे सांगितले, ते आजही शिकवले जातात. मध्यभागातल्या पेशी मेलेल्या असतात. सगळ्यात बाहेरचा भाग नुसता लाल होतो आणि आपोआप बरा होतो. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात रक्ताचा वेग मंदावलेला असतो. तो जगेल किंवा मरेल, आणि त्याचा निकाल पुढच्या एक-दोन दिवसांत लागतो. आपण जे पाणी सोडतो ते या मधल्या पट्ट्यासाठी. काही कारणाने लगेच पाणी मिळालं नाही, तरी भाजल्यापासून तीन तासांच्या आत केलेल्या या उपायाचा फायदा होतो. "आता काय उपयोग" म्हणून सोडून देऊ नका.

बर्फ मात्र नको. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे ज्या पट्ट्याला रक्ताची सर्वांत जास्त गरज आहे त्याचंच रक्त तुटतं. बधिर झालेल्या कातडीला गारठ्याची इजा वेगळीच. फ्रीजरमधली पिशवीही त्याच कारणासाठी टाळा.

एक सावधगिरी: गार करायची ती जखम, माणूस नव्हे. लहान मुलाचं किंवा म्हाताऱ्या माणसाचं अंग पटकन गार पडतं. बाकी शरीरावर चादर किंवा कोरडं पांघरूण ठेवा. थंडी वाजून अंग थरथरायला लागलं तर पाणी थांबवा.

घरी ठेवायचं की दवाखाना गाठायचा

पाणी सोडता सोडता जखम नीट बघून घ्या. वरवर भाजलेली कातडी लाल, कोरडी आणि दुखरी असते, फोड नसतो. बोटाने दाबली की फिकी पडते, सोडली की रंग परततो. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे ऊब, हुळहुळणं आणि सूज यांवरून अंदाज घ्यावा लागतो. हे तीन ते सात दिवसांत बरं होतं, थोडं साल निघतं, डाग सहसा राहत नाही.

फोड आला म्हणजे इजा दुसऱ्या थरात पोचली. फोडाखालची कातडी ओलसर, गुलाबी असते आणि वाऱ्याची झुळूकसुद्धा झोंबते. ती तशी झोंबत असेल तर ते चांगलं लक्षण माना. हे साधारण दोन आठवड्यांत भरतं, कधी तीन लागतात.

काळजीची जागा त्याच्या पुढची. पांढुरकी, ठिपक्याठिपक्यांची, मेणचट दिसणारी कातडी, दाबल्यावर रंग परतायला फार वेळ लागणं किंवा न परतणं, आणि दुखणं कमी असणं. आणखी खोल गेलं की ती चामड्यासारखी कोरडी, पांढरी, तपकिरी किंवा काळपट होते आणि स्पर्शच कळत नाही. "फारसं दुखत नाहीये" म्हणून निर्धास्त होणारे लोक इथे फसतात. दुखत नाही, कारण दुखणं कळवणारी मज्जातंतूंची टोकंच जळालेली असतात. अशी जखम कितीही लहान असली तरी डॉक्टरांना दाखवा.

कशाने भाजलं यावरूनही बरंच कळतं. ६० अंशाच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी सुमारे ५ सेकंदांत खोलवर भाजते. ७० अंशाला एखादा सेकंद पुरतो. मुलांची कातडी पातळ, त्यामुळे त्यांना त्याहून कमी वेळ लागतो. तळणीचं तेल १७०-१८० अंशांपर्यंत तापलेलं असतं आणि पाण्यासारखं ओघळून न जाता चिकटून बसतं. वाफ कातडीवर पडून तिचं पाणी होताना स्वतःतली सगळी सुप्त उष्णता तिथेच सोडते, म्हणून वाफेचा चटका दिसतो त्यापेक्षा जास्त खोल असू शकतो. आणि एक फसवा प्रकार: गरम पाण्याची पिशवी. झोपेत तासभर पायाला टेकून राहिली की फार गरम नसूनही ती खोलवर भाजते. मधुमेहामुळे पाय बधिर असलेल्यांना ते सकाळपर्यंत कळतही नाही.

आकार मोजायला भाजलेल्या माणसाचाच हात वापरा. बोटांसकट त्याचा तळहात म्हणजे त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण १ टक्का. फोड आलेली किंवा साल निघालेली जागा त्या हातापेक्षा मोठी असेल तर घरी ठेवू नका. चेहरा, डोळ्याजवळचा भाग, हाताचे पंजे, पाऊल, गुप्तांग आणि मोठे सांधे इथले फोड लहान असले तरी दाखवावेत, कारण तिथली आखडलेली कातडी पुढे हालचालीला नडते. बोट, मनगट किंवा पाय यांना गोल वेढा घालून भाजलं असेल तर सुजेमुळे रक्तप्रवाह अडू शकतो. तिथे थांबायचंच नाही. पाच वर्षांखालची मुलं, साठीपुढची माणसं, गरोदर बाई, मधुमेह असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांच्या बाबतीत माझं मत सरळ आहे: फोड दिसला की दवाखाना.

विजेने भाजलं तर वरून टिचभर डाग दिसतो, पण आत स्नायू आणि हृदयाला इजा असू शकते. आधी वीज बंद करा, मगच त्या माणसाला हात लावा, आणि तडक रुग्णालयात न्या. तुंबलेली मोरी मोकळी करायच्या रसायनासारखं काही सांडलं तर कोरडी पूड आधी झटकून टाका, मग निदान २० मिनिटं भरपूर पाणी ओता आणि दाखवायला न्या. ॲसिडवर सोडा, अल्कलीवर लिंबू असले प्रयोग करू नका. त्या रासायनिक क्रियेतून पुन्हा उष्णताच निघते. धूर छातीत गेला असेल, आवाज बसला असेल, नाकातले केस जळाले असतील तर कातडीकडे पाहत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा.

काय लावू नये, आणि ज्यांच्याबद्दल वाद आहे ते

टूथपेस्ट, लोणी, तेल, अंड्याचा पांढरा बलक, पीठ, शाई, किसलेला बटाटा. यातलं काही गार लागतं म्हणून बरं वाटतं, पण स्निग्ध थर उष्णता आत कोंडतो, स्वयंपाकघरातले जंतू उघड्या कातडीत जातात, आणि डॉक्टरांना जखमेची खोली बघण्यासाठी हे सगळं खरवडून काढावं लागतं. ते खरवडणं भाजण्यापेक्षा वाईट असतं.

मधाची गोष्ट जरा वेगळी. दुसऱ्या थरापर्यंत गेलेल्या भाजण्यावर मधाच्या पट्ट्यांनी जखम लवकर भरते असं अभ्यासांतून दिसलंय. पण तो मध निर्जंतुक केलेला, वैद्यकीय वापरासाठी तयार केलेला असतो. बरणीतला मध तो नव्हे, त्यात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. कोरफडीचा गर न फुटलेल्या, नुसत्या लाल झालेल्या कातडीवर लावायला हरकत नाही. पान कापून थेट उघड्या जखमेवर चोळणं मात्र टाळा.

भाजल्यावर वापरायचं पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम अनेक घरांत असतं. वर्षानुवर्षं तेच पहिलं औषध मानलं गेलं. आता चित्र बदललंय. लहान, स्वच्छ जखमांवर ते नव्या पट्ट्यांपेक्षा भरणं लांबवतं असं आढळलं, शिवाय त्याचा पांढरा थर बसला की खाली काय चाललंय ते दिसत नाही. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी, बाळंतपण जवळ आलेल्या बाईने आणि दोन महिन्यांखालच्या बाळाला ते वापरूच नये. डॉक्टरांनी सांगितलं तर जरूर लावा, आपल्या मनाने मात्र नको.

पहिला दिवस

पाणी झाल्यावर जागा स्वच्छ कापडाने टिपून घ्या, घासू नका. दवाखान्यात जायचं असेल तर जखमेवर काहीही न लावता स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिक फिल्म आडवी ठेवा. गुंडाळीचा पहिला थोडा भाग फाडून फेका आणि आतला घ्या. ती चिकटत नाही, हवा लागू देत नाही म्हणून दुखणं लगेच कमी होतं, आणि डॉक्टरांना आरपार दिसतं. गोल गुंडाळू नका, सूज वाढली की ती आवळते. चेहऱ्यावर फिल्म लावायची नाही.

घरीच ठेवायचं ठरलं आणि जागा नुसती लाल असेल तर पट्टीची गरज नाही. बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली दिवसातून तीन-चार वेळा, बस. फोड असेल तर झाकायचं, कसं ते पुढे सांगतो.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीही नाही. यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल तर याहून कमी, डॉक्टरांना विचारून. मुलांचा डोस वजनावर ठरतो. इब्युप्रोफेनही चालतं, पण पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर नको. १६ वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. हात किंवा पाय भाजला असेल तर पहिले दोन दिवस उशीवर उंच ठेवा. सूज उतरली की अर्धं दुखणं उतरतं.

धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवा. जखम खोल किंवा मळलेली असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षं उलटली असतील, तर विचारून घ्या.

फोड: फोडायचा की नाही

नाही. फोडाचं टरफल म्हणजे शरीराने स्वतः बसवलेली, मोजून मापून कापलेली निर्जंतुक पट्टी. तिच्या आतलं पाणी रक्तातूनच पाझरलेलं असतं. खालच्या ओलाव्यात नवी कातडी सुखाने सरकते.

हा ओलाव्याचा मुद्दा जरा थांबून सांगण्यासारखा आहे, कारण "जखमेला हवा लागू दे, खपली धरू दे" हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फिल्मखाली ओलसर ठेवलेल्या जखमा उघड्यावर वाळवलेल्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने भरल्या. कारण समजायला सोपं आहे. केसांच्या आणि घामाच्या ग्रंथींच्या मुळाशी वाचलेल्या पेशींपासून नवी कातडी उगवते आणि पृष्ठभागावर पसरत जाते. खपली असली की तिला वाट काढत खालून जावं लागतं, ओलसर जागा असली की सरळ.

मोठा, ताणलेला, सांध्यावरचा किंवा चालताना फुटणारच असा फोड डॉक्टर निर्जंतुक सुईने रिकामा करतात. घरच्या टाचणीला तो मान देऊ नका. आपोआप फुटला तर सौम्य साबण आणि पाण्याने अलगद धुवा, टरफल उपटून न काढता तसंच जखमेवर पसरून राहू द्या.

पट्टी बदलताना

एकदा बसवलेली चांगली पट्टी सतत उघडून बघण्याची हौस आवरा. दर वेळी कोवळ्या पेशी निघून येतात. पहिली पाहणी २४ ते ४८ तासांनी, मग एक-दोन दिवसांनी. मध्ये भिजली, मळली किंवा पाझर बाहेर आला तर लगेच.

बदलायच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी घ्या. हात साबणाने धुवा. जुनी पट्टी चिकटली असेल तर कोमट पाण्याने भिजवा आणि सुटेपर्यंत वाट बघा. घाईने ओढलेली पट्टी दोन दिवसांचं काम मागे नेते. जखम नळाच्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, कडक जंतुनाशकं नकोत, ती नव्या पेशींनाही मारतात. टिपून घ्या. त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि न चिकटणारी पट्टी, किंवा औषधाच्या दुकानात मिळणारी पॅराफिन गॉझ (पॅराफिन लावलेली जाळीदार कापडी पट्टी). तिच्यावर पाझर शोषायला साध्या गॉझच्या दोन-तीन घड्या, आणि वर सैल बँडेज. कापूस थेट जखमेवर कधीही नको, त्याचे तंतू आत रुततात. शेजारशेजारची बोटं भाजली असतील तर प्रत्येक वेगळं गुंडाळा, नाहीतर ती एकमेकांना चिकटतात. बँडेजच्या पुढची बोटं गार, निळसर किंवा बधिर वाटली तर ते सोडून सैल बांधा.

आंघोळ चालते. टबमध्ये डुंबणं आणि पोहणं मात्र जखम बंद होईपर्यंत नाही. बोटं, मनगट, कोपर रोज हलवत राहा, दुखतं म्हणून धरून बसू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा बघा

पहिल्या दिवशीचा खोलीचा अंदाज अनेकदा चुकतो, डॉक्टरांचाही, कारण तो मधला पट्टा अजून हिंदकळत असतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा नीट बघा. गुलाबी होती ती जागा पांढरट झाली असेल तर दाखवा.

फिकट पिवळसर, बिनवासाचा पाझर आणि कडेची अरुंद लाली यात काही विशेष नाही. दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. कमी झालेलं पुन्हा वाढलं, लाली पसरत गेली, घट्ट हिरवट पू किंवा दुर्गंधी आली, लाल रेघ वर चढताना दिसली, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा, पसरतेय का यावर वाद उरत नाही.

मुलांच्या बाबतीत एक दुर्मिळ पण गंभीर गोष्ट आई-वडिलांना ठाऊक हवी. अगदी लहान, स्वच्छ दिसणाऱ्या जखमेतूनही काही जिवाणूंचं विष रक्तात जाऊ शकतं. भाजल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मुलाला जोराचा ताप, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब, ग्लानी यातलं काही दिसलं तर "पोट बिघडलंय" असं समजून थांबू नका. तातडीच्या विभागात न्या आणि मूल भाजलं होतं हे आवर्जून सांगा. जखम छान दिसते म्हणून ते सांगायचं राहून जातं.

दोन आठवडे झाले आणि जखम बंद होण्याच्या मार्गावर दिसत नाही, तर घरचे उपचार तिथे थांबवा. तीन आठवड्यांपेक्षा जास्त लांबलेल्या जखमेचा व्रण जाड होण्याचा धोका बराच वाढतो.

कातडी भरल्यानंतर

पट्टी सुटली की खाज सुरू होते, रात्री जास्त. नव्या कातडीत तेलग्रंथी अजून नीट काम करत नसतात, त्यामुळे ती कोरडी पडते. बिनवासाचं मॉइश्चरायझर दिवसातून तीन वेळा, अंगठ्याने हलका दाब देत गोल गोल. गार पट्टी आणि सुती कपडे यांनी बरं वाटतं. झोपच लागत नसेल तर डॉक्टरांना विचारून ॲलर्जीविरोधी गोळी घ्या. नखं कापून ठेवा, कारण झोपेत खाजवलेली नवी कातडी सहज फाटते.

रंगाची फार घाई करू नका. जागा महिनोन्‌महिने गुलाबी, गडद किंवा फिकी राहू शकते आणि बहुतेक वेळा हळूहळू आजूबाजूशी मिळते. ऊन मात्र लागू देऊ नका. नव्या कातडीला ते लवकर भाजतं आणि डाग पक्का करतं. वर्षभर तरी ती जागा कपड्याने झाका, नाहीतर एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन लावा. डाग घालवण्याचे दावे करणारी गोरेपणाची क्रीम्स यात काही भर घालत नाहीत.

व्रण वर उचलला जातोय, कडक होतोय असं पहिल्या काही महिन्यांत वाटलं तर सिलिकॉनचं जेल किंवा चकती वापरून बघा. ती पूर्ण बंद झालेल्या कातडीवरच लावायची, दिवसाचे निदान १२ तास, आणि निदान दोन-तीन महिने नेमाने. चकती रोज धुऊन वाळवायची, खाली पुरळ आलं तर काही दिवस थांबायचं. व्रणामुळे बोट किंवा कोपर पूर्ण सरळ होत नसेल, तर चकतीवर विसंबून महिने घालवू नका, फिजिओथेरपी लवकर सुरू करा.